बेळगावात एक दिवस : बारा ते चारचं काय करायचं?

पुण्या-मुंबईहून पाहुणा आला की त्याच्या मोबाइलमध्ये यादी तयार असते. किल्ला, कित्तूर, गोकाकचा धबधबा, हलशी, राजहंसगड आणि जाताना कुंदा. सगळं एका दिवसात! ही यादी ज्यानं कुणी केली असेल, त्यानं बेळगाव नकाशावरच पाहिलंय. गोकाक एका अंगाला, हलशी खानापूरच्या रानाकडे अगदी उलट्या अंगाला. एवढं एका दिवसात करायला निघालात तर गाडीची खिडकी तेवढी पाहून घरी जाल. शहराचा दिवस शहरातच घालवा.

दुसरं, 'म्युझियम' म्हटल्यावर एक मोठी इमारत, तिकीटखिडकी आणि रांगेनं काचेची कपाटं असं चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर ते आधी पुसा. इथला ठेवा विखुरलेला आहे. थोडा किल्ल्यात, थोडा रिसालदार गल्लीतल्या एका घरात, थोडा टिळकवाडीत विहिरीपाशी, थोडा लष्कराच्या आवारात. बेळगावचे सन १२०४ च्या सुमाराचे दोन शिलालेख तर पार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसलेत. ते सोडा. पण उरलेल्या प्रत्येक दाराची वेळ वेगळी आहे, आणि सगळी गोची तिथेच होते.

वार शनिवार धरा. रविवारी आमच्याकडे घरोघरी मटण, आणि ज्यांच्या घरी नाही ते सगळे खानावळीच्या दारात.

सकाळ : किल्ला

नाश्ता हलका करा. उप्पीट किंवा दोन इडल्या, वर चहा. कुठल्याही बऱ्या हॉटेलात चांगलंच मिळतं, त्यासाठी रांगा लावू नका. आठाच्या आसपास किल्ल्यात हजर व्हा. मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याइतकाच आहे तो.

दारातल्या दुर्गेला हात जोडून सरळ कमल बस्तीत जा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये हे जैन मंदिर उभं केलं. आत नेमिनाथाची मूर्ती आहे, पण नाव पडलंय ते छतामुळे. मंडपाच्या मधोमध दगडाचं कमळ वरून खाली लोंबतंय. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, आणि नेमके त्याच दोन मिनिटांत लोक फोटो काढून बाहेर पडतात. तसं करू नका. खांबाशी थांबा, डोळे निवू द्या, मग मान वर करा. चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ नका.

तिथून सफा मशीद. आदिलशाहीतल्या असदखानाच्या काळची. शुक्रवारी नमाजाच्या वेळी पाहुणे म्हणून घुसू नये, हे सांगायला लागू नये. किल्ल्याच्या काही भागात लष्कर आहे. जिथे पाटी असेल तिथे कॅमेरा खिशात.

मग रामकृष्ण मिशनचा आश्रम. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. आधी रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्याकडे उतरले आणि मग नऊ दिवस किल्ल्यात, वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी राहिले. आश्रम त्याच जागी आहे. भाट्यांच्या घरची आठवण मला फार आवडते. जेवण झाल्यावर या संन्याशानं चक्क पान मागितलं आणि वर तंबाखूही. घरातली सोवळी मंडळी बघतच राहिली. तेव्हा आश्रम पाहून झाल्यावर रिसालदार गल्लीतलं ते स्मारक पाहाच. दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे, अर्धी पाहून उपयोग नाही.

आता खरी अडचण

एवढं सगळं सकाळी साडेअकराच्या आत उरकायचं. का, ते सांगतो, कारण याच ठिकाणी मी तोंडघशी पडलोय.

माझी बहीण आणि दाजी मुलांना घेऊन मे महिन्यात आले होते. मी इथलाच, त्यामुळे अंगात मस्ती. सकाळी निवांत आवरलं, अकराला बाहेर पडलो, वाटेत बाजार दाखवला. एका वास्तूच्या दारात पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दाराला कुलूप. आतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "चारनंतर या ओ." मोबाइलमध्ये मात्र 'आता उघडं आहे' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं. म्हटलं ठीक, आधी जेवून घेऊ. आम्ही जी खानावळ गाठली तिथे एवढी माणसं उभी, की मुलांनी फूटपाथवरच बसकण मारली. पावणेतीनला ताट आलं तेव्हा भाकऱ्या संपल्या होत्या, भात उरला होता. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, तू इथलाच ना रे?"

त्या दिवसानंतर मी तीन गोष्टी पक्क्या केल्या, आणि त्या मोडायला कुणी सांगितलं तरी ऐकत नाही.

एक : ज्या जागेला दार आहे आणि दारामागे माणूस आहे, ती जागा सकाळी. आश्रम असो, स्मारक असो, मंदिर असो, दुपारी तिथली माणसं जेवतात, पडतात. त्यात काही चूक नाही, शहराची तीच रीत आहे. इंटरनेटवरच्या वेळा कुणी कधी भरल्या, देव जाणे. आदल्या दिवशी फोन करून विचारा, तोही दुपारचा सोडून.

दोन : जेवायला साडेबाराला बसा. दीडला नाही, दोनला तर नाहीच. "एवढ्या लवकर भूक कुठे लागते?" असं पाहुणे म्हणतात, म्हणून तर सकाळचा नाश्ता हलका. साडेबाराला खानावळीत तव्यावरची भाकरी थेट ताटात येते. सव्वा वाजल्यापासून ती टोपलीतून येते. फरक कळायला खवय्या असावं लागत नाही.

जेवण कुठे? उत्तर कर्नाटकी शाकाहारी खानावळ, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईत मटण मिळतं, बिर्याणी मिळते. बिर्याणीच हवी असेल तर नियाजचं नाव कुणीही सांगेल, तिकडे जा, माझी काही तक्रार नाही. पण ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे तेलात मुरलेलं भरलं वांगं, मोडाच्या मटकीची पल्ल्या म्हणजे सुकी भाजी, शेंगाचटणीवर दही, गुरेळाची म्हणजे कारळ्याची चटणी, बाजूला कच्ची मेथी आणि कांद्याची पात, हे ताट घरून शंभर कोस आलेल्या माणसानं सोडू नये. खानावळ कशी ओळखायची? पाटी कानडीत असेल, टेबलं चारच असतील आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असेल. मेन्यूकार्ड दिलं तर उठा. दारात "ऊट ऐतेन्री?" म्हणजे 'जेवण आहे का हो?' एवढं कानडी म्हटलंत की भाकरी जरा लवकर येते, हा माझा अनुभव आहे. मराठी सगळ्यांना समजतंच, पण दोन शब्द आपण बोलल्यानं आपलं काय जातं?

शेंगाहोळगी दिसली तर घ्या. शेंगदाणे-गुळाची पोळी, वर तूप. मात्र अर्धी. पूर्ण खाल्लीत तर माझा तिसरा नियम आपोआपच पाळाल.

तीन : जेवणानंतर चारपर्यंत काहीही 'पाहायचं' नाही. झोपा. खरंच सांगतोय. खोली घेतली असेल तर खोलीत, नसेल तर कॅम्पातल्या जुन्या झाडांखाली गाडी लावून. या गावाला लोक 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणायचे ते उगीच नाही, सावलीत मे महिन्यातही निभावतं. दुपारच्या या चार तासांत "एवढ्यात कित्तूर करून येऊ" असं कुणी सुचवलं तर त्याला गाडीची किल्ली देऊ नका. कित्तूर धारवाडच्या बाजूला, साधारण पन्नास किलोमीटर. जाऊन येऊन दोन तास तर रस्त्यातच. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या फौजेनं कलेक्टर थॅकरे याला जिथे लोळवलं, तो किल्ला आणि त्याच्या आवारातलं संग्रहालय अर्ध्या तासात उरकायची चीज नव्हे. त्याला वेगळा दिवस द्या. सोमवार मात्र टाळा.

ज्यांना दुपारी झोप येतच नाही, त्यांनी शहापुरात साड्या बघाव्यात. दुकानदार तुम्हाला चारच्या आत सोडणार नाही, काळजी नको.

चारनंतर : टिळकवाडी

आता उन्हं कलली. वीरसौध म्हणजे काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक, आणि काँग्रेस विहीर. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनात. सगळी जुळवाजुळव गंगाधरराव देशपांड्यांची. माणसांना पाणी पुरावं म्हणून विहीर खणली, तिचं नाव पंपासरोवर. वीरसौधातले फोटो सावकाश पाहा, आणि हे लक्षात ठेवून पाहा की या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्यांत एक लहान मुलगी होती, पुढे जिला जग गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागलं. मी मुलांना आधी ही गोष्ट सांगतो, मग आत नेतो. नाहीतर त्यांना तिथे नुसते टोपीवाले दिसतात.

येता-जाता किर्लोस्कर रोड लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान बेळगावातलं, १८८८ चं. कारखाना, वाडी, सगळं नंतरचं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या संग्रहालयाबद्दल दर वेळी विचारणा होते. आयत्या वेळी दारात जाऊन "आत सोडा" म्हणायची ती जागा नाही, लष्कराचं आवार आहे. आधी परवानगी, बरोबर ओळखपत्र. ती मिळाली तर सकाळचं वेळापत्रक त्याभोवती बसवा, आश्रम संध्याकाळवर ढकला. १७६८ पासूनची पलटण आहे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, याच रेजिमेंटचे. परवानगी नाही मिळाली तर हुज्जत घालू नका, बाहेरून सलाम करा आणि पुढे चला.

संध्याकाळ : मांडे आणि कुंदा

मांडे बहुतेकांनी मनातच खाल्लेले असतात. बेळगावात ते खरे मिळतात. हातावर पसरून कापडासारखी पातळ केलेली पोळी, आत पिठीसाखर, तूप, खसखस. उपड्या कढईवर भाजायची आणि गरम आहे तोवर घडी घालायची, कारण निवली की कडक. लग्नसराईत करणाऱ्यांना उसंत नसते, म्हणून दोन दिवस आधी सांगून ठेवा. मोडून दुधात टाकून खातात. कोरडा चावत बसलात तर साखर पोटात कमी आणि शर्टावर जास्त.

कुंदा शेवटी घ्यायचा. सकाळी घेऊन दिवसभर गाडीत शिजवणारे लोक मी पाहिलेत. दूध आटवून, दाणेदार करून, साखरेबरोबर तपकिरी रंगावर येईपर्यंत परतलेलं ते काम आहे. बोटांत चिरडला की रवाळ लागला पाहिजे. चिकट लांबला तर आत भलतंच काही आहे. फिका पिवळट कुंदा मी घेत नाही, रंग यायच्या आधीच कढई उतरवलेली असते. कुठल्या दुकानाचा चांगला, यावर या गावात भावाभावांत भांडणं आहेत, मी त्यात पडत नाही. दुकानात थोडा चाखायला मागा, देतात. चव पटली तरच तोलायला सांगा.

गरम असेल तर डब्याचं झाकण तासभर किलकिलं ठेवा, नाहीतर वाफेनं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. डबा डिकीत ठेवू नका, मांडीवर घ्या. आणि मुलांच्या हाती देऊ नका असं सांगणार होतो, पण त्या मे महिन्यात आमच्या दाजींनीच संकेश्वर यायच्या आत अर्धा किलो संपवला होता. घरच्यांसाठी हवा असेल तर दोन डबे घ्या.