वाकडा बसलेला रिव्हेट काढायचा कसा, आणि मुळात काढायचा का

घरी विमान बांधायला घेतलं की पहिल्या काही दिवसांतच एखादा रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खीळ, वाकडा बसतो. मग जो तो सांगतो, 'काढ आणि नवा मार.' या सल्ल्यापायी मी शेपटाचा एक अख्खा पत्रा वाया घालवला आहे.

भोकं, बर (भोकाच्या कडेची खरबरीत धार) काढणं, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना), रिव्हेट ठोकायच्या गनचा दाब टाकाऊ तुकड्यावर जुळवणं, हे सगळं तुम्ही करताच. रिव्हेट पत्र्यांच्या एकूण जाडीपेक्षा व्यासाच्या दीडपट लांब घ्या, झालं.

बिघडला असं वाटलं तर आधी मोजा. ठोकून तयार झालेलं डोकं व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. १/८ इंची रिव्हेटला ३/१६ आणि १/१६ इंच. माप बसतंय, तडा नाही, पत्र्यांत फट नाही, फक्त डोकं जरा कललंय? मग हात लावू नका. दिसायला वाईट रिव्हेट चालतो, अंडाकृती भोक चालत नाही.

काढावाच लागला, तर ड्रिल रिव्हेटच्या मुळातल्या, कारखान्यातून आलेल्या डोक्याच्या बाजूने, बरोबर मध्यावर. बिट आधी हाताने फिरवून खळगा करा, मग ट्रिगर दाबा. १/८ च्या रिव्हेटला भोक ३० नंबरचं असतं; काढायला मात्र त्याहून बारीक, ४० नंबरचं बिट घ्या. मी घाईत ३० नंबरचंच लावलं आणि आरपार गेलो. बिट सरकलं, भोक इंग्रजी आठासारखं झालं.

डोक्याच्या उंचीइतकंच खोल जा. तिथे पिन पंच (बारीक सळईसारखा पंच) घालून हलकेच कलता केला की डोकं तुटतं. दांडा भोकात फुगलेला असतो. मागे आधार न देता ठोकलात तर पत्रा वाकलाच म्हणून समजा. हटत नसेल तर त्याच ४० नंबरने, सरळ रेषेत, आणखी थोडं खोल जा. दांडा सैल पडतो.

भोक मोठं झालं तर ५/३२ चा रिव्हेट घालतात. पण भोकाच्या मध्यापासून कड किमान दोन व्यास, म्हणजे ५/१६ इंच, लांब हवी. माझी होती १/४ इंचावर. पत्रा गेला तो असा.

आणि बार (ठोकताना रिव्हेटच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) तिरका धरला होता की गन उसळली, हे कळल्याशिवाय त्याच भोकात नवा रिव्हेट घालू नका.