जॅकेट भाड्याचं, खिसा आपला: स्कूबाला निघताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ दुसऱ्या डाइव्हनंतर वर आलो तेव्हा बोट दोनशे-एक मीटरवर होती आणि तिचं तोंड दुसरीकडे. घाबरण्यासारखं काही नव्हतं. अंगातल्या तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरली, निवांत तरंगलो आणि एसएमबी, म्हणजे आपण ज्याला सरळ ‘सॉसेज’ म्हणतो तो लांबट नारिंगी फुगा, काढायला उजव्या खिशात हात घातला. हात जाईना. फुगलेल्या जॅकेटनं खिसा बरगड्यांवर दाबून चपटा केला होता, आणि चेनवर मागच्या कितीतरी गिऱ्हाइकांचं मीठ घट्ट बसलं होतं. हवा सोडावी तर लाट तोंडात. शेवटी माझ्या बडीनं, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारानं, तिच्या मांडीच्या खिशातून तिचा फुगा काढला, फुंकला, उभा धरला आणि पाचेक मिनिटांत बोट वळली.

माझा फुगा तिच्यापेक्षा नवा आणि महाग होता. पण तो ठेवला होता दुसऱ्याच्या जॅकेटात.

तारकर्ली-मालवणला इन्स्ट्रक्टरनं मानेमागून धरून फिरवलेली ‘ट्राय डाइव्ह’ ज्यांनी केली, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांची काळजी दुसरं कुणीतरी घेत असतं. हे आहे ओपन वॉटरचं, म्हणजे डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड खिशात असलेल्या, वर्षातून एक-दोन सहली करणाऱ्या आणि मास्क सोडून बाकी सगळं भाड्यानं घेणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. आज गोव्यात एक जॅकेट, उद्या अंदमानात दुसरं. एकाला डी-रिंग (वस्तू अडकवायची कडी) खांद्यावर, दुसऱ्याला कमरेवर, तिसऱ्याची तुटलेली. अशा वेळी नुसती वस्तू विकत घेऊन भागत नाही, तिची जागाही आपल्याबरोबर न्यावी लागते.

सगळं जॅकेटच्या खिशात कोंबणं

भाड्याच्या बऱ्याच जॅकेटांत शिसं (बुडायला लागणारं वजन) ठेवायच्या पिशव्या खिशाच्याच जागी असतात, त्यामुळे उरलेला खिसा नावापुरता. वेल्क्रो झिजलेलं असतं, चेन अडकते आणि पाण्यात हातमोजे घालून, न बघता उघडायची म्हटलं की आनंदच. उपाय साधा आहे. वेटसूटवरून घालायची मोठ्या खिशांची शॉर्ट्स मिळते, ती घ्या. खिशाच्या आत इलॅस्टिकचा फास असतो, त्याला बोल्ट स्नॅपनं (खटक्याच्या हुकानं) एकेक वस्तू अडकवायची, म्हणजे खिसा उघडला तरी काही समुद्रार्पण होत नाही. माझ्या उजव्या मांडीवर फुगा आणि स्पूल (त्याचा दोरा गुंडाळायची चकती), डावीवर कात्री आणि आरसा. जॅकेट कुठलंही असो, हात तिथेच जातो.

ज्यांना शॉर्ट्स नको असते ते छोटी पिशवी वेटबेल्टमध्ये, म्हणजे शिशाच्या पट्ट्यात, ओवतात. हे करू नका. अडचणीच्या वेळी वेटबेल्ट सोडून द्यायचा असतो, आणि तुम्हाला शोधायला लागणाऱ्या वस्तू नेमक्या त्याच वेळी तळाला जातात. शिशाच्या पिशवीवर काही अडकवलं तरी तेच.

फुगा घेतला, वापरून पाहिलाच नाही

सर्वात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

साठ सेंटिमीटरचा गोंडस फुगा खिशात छान मावतो, पण लाटांमध्ये दिसत नाही. निदान सव्वा मीटरचा घ्या. तळाशी नुसतं उघडं तोंड असलेला फुगा वर जाऊन आडवा पडला की हवा सांडून मोकळा होतो, म्हणून हवा आत कोंडून धरणारा आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेला बरा. सोबत रीळ नको, साधा स्पूल पुरे. रीळ अडकायला भाग जास्त.

फुगा खालून सोडायचा असेल तर तो गच्च भरायची गरज नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे अर्धा भरलेला फुगा वर पोचेपर्यंत आपोआप पूर्ण भरतो. नवखा माणूस इथे दोन चुका एकदम करतो. भरपूर श्वास छातीत घेतो, तो धरून ठेवतो आणि खाली मान घालून फुग्याशी झटापट करतो. परिणाम: फुग्याच्या आधी तोच वर निघतो, आणि श्वास धरून वर जाणं यासारखी धोक्याची गोष्ट डाइव्हिंगमध्ये दुसरी नाही. थोडी हवा भरून फुगा आधी उभा करा, वर कुणी नाही ना ते बघा, नजर बडीवर किंवा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर ठेवा, मग सोडा. आणि सोडताना स्पूल स्वतःला अडकवलेला नको, हातात हवा. दोरा गुंतला तर हात उघडायचा. स्पूल परत मिळेल, नाही मिळाला तर दुसरा घेऊ. फुग्याबरोबर भर्रकन वर जाण्यापेक्षा ते स्वस्त.

फुगा वर जाऊन लोळतोय असं बोटीवरचे सांगत असतील, तर तुम्ही दोरा ढिला ठेवलाय. पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला दोरा जरा खाली ताणून धरा, फुगा ताठ उभा राहतो.

हे सगळं पहिल्यांदा समुद्रात करू नये. पुण्या-मुंबईत जिथे स्कूबाचे धडे चालतात, तिथल्या तलावात अर्धा तास मागून घ्या. मी पहिल्यांदा सोडला तेव्हा दोरा माझ्याच फिनला गुंडाळला गेला होता. तलाव साडेतीन मीटरचा, म्हणून फक्त हसं झालं.

शिट्टी आहेच की जॅकेटला

असते. कधी आतली वाटाण्याएवढी गोळी फुगलेली, कधी नुसती दोरी. आणि ती किती तोंडांतून गेली असेल याचा विचार न केलेला बरा. वाटाणा नसलेली, ओली झाली तरी वाजणारी शिट्टी आपली आपण न्या. मात्र तिच्यावर फार विसंबू नका: डिझेलचं इंजिन सुरू असलेल्या बोटीवर तांडेलला शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तुमची शिट्टी कुठून येणार. लांबवर आरसा चालतो. खास आरसा नसेल तर जुनी सीडी घ्या. घरात पडून असलेल्या गाण्यांच्या सीडींचा याहून चांगला उपयोग मला सापडलेला नाही. मधल्या भोकातून बोट बघायची आणि चमक तिच्यावर पाडायची. ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला मात्र आरसा मुका, तेव्हा छोटा टॉर्च.

पोटरीवरचा तो भलामोठा सुरा

फोटोत झकास दिसतो. आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू असतो तंगूस (मासेमारीचा पारदर्शक दोरा) आणि तुटून पडलेली नायलॉनची जाळी. गोव्यात ग्रँडे आयलंडजवळच्या सुझीज रेकसारख्या बुडालेल्या जहाजांवर तर जाळी अडकणं ठरलेलंच. तंगूस सुऱ्यानं कापायला तो ताणून धरावा लागतो, तेही जवळजवळ न दिसणारा. त्याऐवजी अपघातग्रस्ताचे कपडे कापायची बोथट टोकाची कात्री घ्या. ती एका हातानं चालते. किंवा आत पातं असलेला छोटा लाइन कटर. कुठल्याही हातानं पोचेल अशा जागी ठेवा, कारण अडकलेला हात बहुधा नेमका तोच असतो. स्टेनलेसला गंज चढत नाही हा गैरसमज आहे. गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, थेंबभर तेल.

विमानानं जात असाल तर कात्री-कटर चेक-इन बॅगेत आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या पिशवीत. उलटं केलंत तर एक वस्तू सुरक्षा तपासणीत जाते, दुसरीसाठी बॅग उघडायला बोलावणं येतं.

परदेशातल्या मित्रमंडळींसाठी एक गोष्ट ठळकपणे: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं किंवा सॅटेलाइट फोन सुरक्षेसाठी म्हणून भारतात आणू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी प्रवासी अडकले होते.

भाड्याच्या वस्तूंकडून धोका

आपल्या चार वस्तू नीट लावण्याच्या नादात बाकीचं तपासायचं राहतं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत चार श्वास घ्या. दर श्वासाला काटा खाली लचकत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. गेज बारमध्ये आहे की पीएसआयमध्ये ते बघा: दोनशे बार म्हणजे साधारण तीन हजार पीएसआय आणि पन्नास बार म्हणजे सातशेच्या आसपास. भाड्याचा कॉम्प्युटर असेल तर तो आधीच्या माणसानं नायट्रॉक्सवर (जादा ऑक्सिजनच्या हवेवर) ठेवलेला नाही ना ते पाहा. साध्या हवेला २१ टक्के ऑक्सिजन. आणि एकदा घेतलेला कॉम्प्युटर त्या सहलीत बदलू नका. सकाळच्या डाइव्हचा नायट्रोजन तुमच्या अंगात आहे, दुपारी हातात आलेल्या दुसऱ्या घड्याळाला तो माहीत नाही. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर मी रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) नाही, कॉम्प्युटर घेईन.

ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, आणि गेज लोंबत ठेवू नका. प्रवाळही मोडतं आणि जाळीही नेमकी त्यांनाच धरते. दोन जादा बोल्ट स्नॅप आणि वीतभर बंजीची दोरी बरोबर असली की कुठल्याही जॅकेटवर त्यांना जागेवर बसवता येतं. दाबलं की आत वळणाऱ्या फाटकाचे गिर्यारोहणाचे हुक टाळा, ते दोऱ्याला आपणहून गिळतात.

बोटीवर न बोलणं

२५ जानेवारी १९९८ ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला पाण्यातच ठेवून बोट परतली. डोकी चुकीची मोजली गेली. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची पिशवी सापडली तेव्हा कळलं. ते दोघं कधीच मिळाले नाहीत.

म्हणून उतरण्याआधी तांडेलला आणि खलाशाला आपला फुगा एकदा उघडून दाखवा: “दादा, हा रंग दिसला की मी.” मालवणात हे सांगितलं की माणूस हमखास विचारतो, “आणि नाय दिसलो तर?” उत्तर ठरवून ठेवा: किती वाजता वर येणार, किती वेळ वाट बघायची, तटरक्षक दलाचा १५५४ कधी लावायचा. किनाऱ्यापासून लांब रेंज नसते, त्यामुळे बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का हेही विचारा. प्रश्न विचारला म्हणून कुणी चिडलं, तर त्या बोटीबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळालीच.

परत आल्यावर फुगा गोड्या पाण्यात बुडवून, तोंड उघडं ठेवून सावलीत टांगा. स्पूलचा दोरा ओला गुंडाळून ठेवलात तर पुढच्या वेळी कुजका वास आणि गाठी. आणि जॅकेट काउंटरवर देण्याआधी त्याचे खिसे उलटे करा. मागच्या नोव्हेंबरात मला मिळालेल्या जॅकेटात कुणाचा तरी कोरा करकरीत लाइन कटर होता, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच.