गोल्फचे लांब आयर्न तोकडे पडतात, छोटे ग्रीनवर थांबत नाहीत: माझा उपाय

लक्षण असं: ब्लेडचा (लहान, पातळ डोक्याच्या आयर्न क्लबचा) ५ नंबर जरा टोकाला लागला की चेंडू तोकडा (नंबर लहान तितका क्लब लांब); मोठ्या डोक्याचा सेट घेतला तर ८-९ नंबरचा चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पडून पुढे पळतो. पूर्ण सेट दोनदा बदलले, शाफ्टही (दांडे) बदलले. वैताग आला होता.

शेवटी जमलं ते असं. आधी ५ आणि ८ नंबरच्या फेसवर (चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) पायाचा पावडर-स्प्रे मारला, चेंडू मारून ठसे पाहिले. ८ चे ठसे रुपयाएवढ्या जागेत, ५ चे टोकाकडे पसरलेले. म्हणून ४ ते ६ मोठ्या डोक्याचे कॅव्हिटी बॅक (मागून पोकळ), ७ ते पिचिंग वेज (९ नंतरचा क्लब) लहान फोर्ज्ड (ठोकून घडवलेले). शाफ्ट सगळीकडे एकाच वजनाचे.

खरी मेख लॉफ्टची, म्हणजे फेसच्या तिरकेपणाची. ६ नंबर २६ अंश, ७ नंबर ३३. मधे ७ अंशांची दरी, चार हवी. फोर्ज्ड डोकं सहज वाकतं, म्हणून ७ नंबर ३१ वर आणला, ८ पासून वेजपर्यंत सगळे २ अंशांनी कमी केले. ६ नंबर जपून १ अंश वाढवला. त्यानंतरच लाय अँगल (शाफ्ट आणि जमिनीतला कोन) तपासला, आधी नाही. लॉफ्ट जितका उतरवाल तितकाच बाउन्स (क्लबला जमिनीत रुतू न देणारा तळाचा कोन) उतरतो, त्यामुळे मऊ जमिनीवर खेळणाऱ्यांनी २ अंशांपुढे जाऊ नये. पिचिंग वेज आता ४४ अंशांचा, त्यामुळे गॅप वेजही (त्याच्या पुढचा क्लब) ४८ चा घ्यावा लागला.