बेसिनमध्ये कानातलं पडलं? आधी नळ बंद करा, आणि या चुका टाळा

कानातल्याची फिरकी कधीही सैल होते, पण सुटते ती नेमकी तोंड धुताना. टुणकन आवाज येतो, आरशात बघावं तर एक कान रिकामा, आणि मग आपण पहिली गोष्ट काय करतो तर नळ जोरात सोडून भोकात वाकून बघतो. मी स्वतः केलंय हे, मागच्या वर्षी, ओझरला लग्नाला निघायच्या अर्धा तास आधी, म्हणून सांगतेय.

तर नळ सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. सोनं पाण्याच्या १९ पट जड असतं, २२ कॅरेटचं सुद्धा १७ पटीच्या वर, त्यामुळे ते सहसा लांब पळत नाही, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपच्या (पाइपातला तो बाटलीसारखा भाग) वाटीत तळाला जाऊन बसतं. त्याला पुढे ढकलतो ते आपणच, धार सोडून. हिऱ्याची बारीक चमकी किंवा मोती असेल तर अजून जपून, कारण ते सोन्याइतकं जड नसतं. म्हणून पहिल्यांदा नळ बंद, मग बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाला पाणी सोडणारी छोटी चावी, बंद, नाहीतर घरातलं कुणीतरी सवयीने हात धुवायला येतंच. आणि वॉशिंग मशीन चालू असेल तर तेही थांबवा, कारण खूप घरांत बेसिन, मशीन सगळं एकाच न्हाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या खोलगट भागात, जातं आणि मशीनचा पंप पाणी कसलं जोरात फेकतो ते माहितीये ना.

दुसरी चूक म्हणजे तार घालणं. हँगर सरळ करून आत खुपसतात लोक. ट्रॅपमध्ये केसांचा गुंता असतो, शी वाटलं तरी त्या गुंत्यानेच टॉप्स धरून ठेवलेला असतो, आणि तारेने तो सुटून पुढे जातो. प्लंजरचंही तेच. मॅग्नेटवाले तर विचारूच नका, सोनं-चांदी मॅग्नेटला चिकटत नाही, पितळेची किल्लीही नाही. लोखंडी स्क्रू पडला असेल तर घ्या मॅग्नेट.

ॲसिड किंवा ड्रेन साफ करायची पावडर ओतू नका, हे जरा ठासून सांगते. टॉयलेटच्या ॲसिडने सोन्याला लगेच काही होत नाही पण मोती असेल तर खराब होतो, कारण मोती म्हणजे जवळजवळ चुनखडीच. पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, पाणी लागलं की गरम होतो, आणि आधी ती ओतायची आणि नंतर ट्रॅप उघडून त्यात हात घालायचा म्हणजे हात भाजून घ्यायचा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर कधीच नाही, विषारी क्लोरीन गॅस होतो.

खरं काम १० मिनिटांचं आहे. खाली बादली मावत नसेल तर जुनं तसराळं ठेवा, ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवा, सुटते. बोरिंगच्या पाण्याचे क्षार चढले असतील तर जाम होते, मग गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून थोडा वेळ थांबा आणि मग पाना लावा, पण फडक्यावरून, कारण प्लास्टिकची चक्री तडकली की दुकानाची फेरी आलीच. वाटीतलं पाणी जुन्या चहाच्या गाळणीतून गाळा, चिखल परातीत पसरा. आणि प्लीज, ते बादलीतलं पाणी त्याच बेसिनमध्ये ओतू नका, ट्रॅप उघडाय खाली! हसू नका, माझ्या नवऱ्याने केलंय.

किचनच्या सिंकला बऱ्याचदा ट्रॅपच नसतो, पांढरा वळ्यावळ्यांचा पाइप सरळ न्हाणीत सोडलेला असतो. मग आधी तो पाइप काढून बादलीत झटका, वळ्यांमध्ये वस्तू अडकते. नाही मिळाली तर न्हाणीची जाळी उचला, ग्लोव्हज घाला आणि ओगराळ्याने तळाचा गाळ काढा, वरवरचा नाही, कारण सोनं गाळाच्या खाली असतं. सराफांच्या गल्लीतला कचरा धुऊन सोनं काढणारे झारेकरी याच हिशोबावर जगतात, हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. कमोडमध्ये पडलं असेल तर एकच गोष्ट, फ्लश करू नका.

आता डक्ट. बाथरूमच्या खिडकीच्या कडेवर अंगठी ठेवायची सवय असते ना, ती काचेच्या पट्ट्यांमधून सरकली की गेली इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप खाली उतरतात त्या उभ्या मोकळ्या जागेत. इथे चूक म्हणजे वरून वाकणं, किंवा पाइपला धरून एखाद्या पोराला खाली उतरवणं. ते प्लास्टिकचे पाइप आहेत, माणसाचं वजन धरायला बसवलेले नाहीत. वॉचमनला सांगा, तळमजल्याच्या दारातून जा. आणि बरोबर खालीच शोधत बसू नका, वस्तू आपटून उडते, त्यामुळे पाइपची वळणं, एसीच्या बाहेरच्या युनिटची टोपी, खालच्या मजल्याचे छज्जे हे आधी बघा. टॉर्च उभा मारायचा नाही, जमिनीला टेकवून आडवा फिरवायचा, मग चमक दिसते. आत कबुतरांची घाण असणारच, कोरडी झाडली की तिची धूळ फुफ्फुसात जाते आणि ती चांगली नाही, म्हणून मास्क लावा, आधी थोडं पाणी शिंपडा आणि सुपलीत भरून चाळणीने चाळा.

परत जोडताना वॉशर नीट बसवा, खाली कोरडा पेपर टाकून ठेवा, थेंब पडला तर लगेच कळेल. न्हाणी उघडली असेल तर शेवटी त्यात मगभर पाणी ओता, ट्रॅपमध्ये पाणी नसेल तर वास येतो आणि झुरळंही.

माझा टॉप्स त्या दिवशी वाटीतच मिळाला, केसांच्या गुंत्यात, सोबत २ रुपयाचं नाणं आणि पोराच्या शार्पनरचं पातं. फिरकी काही मिळेना, सगळा गाळ तीनदा चाळला. मी ओझरला दुसरेच झुमके घालून गेले. रात्री परत आले तर बेसिनसमोरच्या पायपुसण्यात ती फिरकी होती.