निर्वासित मुलांसोबत नाट्यखेळ घ्यायचे असतील तर

इंदुरातली नाटकवाली तरुण मंडळी मला विचारतात, "ताई, सिंधमधून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसोबत काम करायचंय. कोणतं नाटक बसवू?" माझं उत्तर असतं, इतक्यात कोणतंच नको. निदान पहिले काही महिने तरी नुसतं खेळा.

ही कुटुंबं बहुतेक दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून निर्वासित असा वेगळा कायदेशीर दर्जा इथे मिळत नाही; त्यामुळे घरात सतत कागदपत्रांची चर्चा असते. मुलं ती ऐकत असतात. म्हणून मी चोर-पोलीस खेळत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधत नाही, फुगे फोडत नाही. दार उघडं ठेवते, आणि ज्याला नुसतं बसून बघायचंय त्याला बसू देते.

सुरुवात आणि शेवट मात्र दर वेळी तोच: गोल करायचा, नावासोबत एक हावभाव, बाकीच्यांनी त्याची नक्कल करायची. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असणं त्यांच्या वाट्याला फार कमी आलेलं असतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. तिथेही मुलांसाठी शाळा आणि स्काउट पथकं उभी राहिली होती, म्हणजे रोजचं काहीतरी ठरलेलं होतं.

भाषेची अडचण असेल तर अमेरिकी नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचे खेळ शिका. शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करतानाच त्यांची ही पद्धत घडली. कल्पनेतला चेंडू फेकायला हिंदी लागत नाही. माझ्याकडे सगळ्यात रंगतो तो 'सराफा', म्हणजे इंदुरातल्या रात्रीच्या खाऊबाजाराचा खेळ: कुणी गराडू (एक कंद) तळतं, कुणी उधारी मागतं, आणि सिंधी-हिंदीची अशी काही खिचडी होते की मीच मागे पडते.

"तुझं गाव करून दाखव," असं कधीही सांगू नका. मूल आपणहून दाखवेल तेव्हा बघा, खोदून विचारू नका. आपण समुपदेशक नाही. एखादं मूल झोपत नसेल, बोलेनासं झालं असेल, तर पालकांशी बोलून बालमानसतज्ज्ञांकडे पाठवा.

तुमच्या स्वतःच्या नाट्यशिक्षणासाठी भोपाळचं नाट्यविद्यालय जवळ आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची 'संस्कार रंग टोली' १९८९पासून मुलांसाठी काम करते, तिचं काम जरूर बघा. पोट भरायला शाळांमधले वर्ग घ्यावे लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

आयोजक फोटो मागतातच. चेहरे देऊ नका, घराचा पत्ता कळेल असं काही देऊ नका. मुलांनी केलेल्या कागदी बाहुल्यांचे फोटो द्या, तेही मुलांना विचारून.