कंट्रोल जिवंत आहे म्हणून खूश होऊ नका: डॅफ्निया टेस्ट नव्याने करणाऱ्यांसाठी

डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला पिसवेसारखा बारीक जीव. एखादं रसायन किती मात्रेत त्याचं पोहणं बंद पाडतं हे पाहायची टेस्ट ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ नंबरच्या गाइडलाइनमध्ये आहे. ती पहिल्यांदा वाचली की टेस्ट सोपी वाटते. रसायनाची पाच डायल्यूशन, एक कंट्रोल (रसायन न घातलेलं), प्रत्येकात वीस पिल्लं, ४८ तास, दोनदा मोजणी, ईसी५० (म्हणजे निम्म्या पिल्लांचं पोहणं थांबवणारी मात्रा) काढा आणि मोकळे व्हा. माशांच्या टाक्या सांभाळायची भानगड नाही. विद्यापीठात एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेणारे बहुतेक जण याच समजुतीवर घेतात. प्रत्यक्षात ते ४८ तास सगळ्यात निवांत असतात. खरी टेस्ट त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत होते, आणि एप्रिलमध्ये जाग आलेल्याला ते सहा आठवडे कुणी उसने देत नाही.

आधी प्राण्याचं बघू. कोल्हापूरच्या रंकाळा किंवा कळंबा तलावातून जाळी मारून आणलेलं काहीतरी उड्या मारतंय म्हणून तो डॅफ्निया मॅग्ना होत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात ‘डॅफ्निया’ म्हणून मिळतो तो बऱ्याचदा मोइना, म्हणजे त्याचा छोटा नातलग असतो. तोही उपयोगी जीव आहे, आपल्या उन्हाला जास्त टिकतो, त्याच्यावर स्वतंत्र काम जरूर करा. पण रिपोर्टात २०२ लिहायचं असेल तर ओळख पटवलेलं डॅफ्निया मॅग्नाचं कल्चर, म्हणजे पाळून वाढवलेला साठा, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून मागून आणा. मागायला लाजू नका, कल्चर असलेली माणसं सहसा देतात, कारण त्यांच्याकडे पिल्लं रोज ओतून टाकण्याइतकी होतात.

लिटरला दहा ते वीस माद्या, २० अंश तापमान, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार, खायला हिरवं शेवाळ, आठवड्यातून दोनदा पाणी बदल. एवढं जमलं की आठव्या ते दहाव्या दिवशी पहिली वीण येते आणि पुढे साधारण तीन दिवसांनी एक. पहिल्या विणीची पिल्लं टेस्टला घ्यायची नाहीत. कल्चर नाराज असेल तर ते स्वतःच सांगतं. अंगावर लाली चढली म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. पाठीवर काळसर खोगिरासारखी पेटी दिसली म्हणजे मादी सुप्त अंडी धरून बसलीय, गर्दी किंवा उपासमार झालीय. नर दिसायला लागले तरी तेच. अशा कल्चरमधून टेस्ट लावू नका, गाइड कितीही घाई करोत. (घाई करणाऱ्या गाइडने शेवटचं कल्चर स्वतः कधी सांभाळलं होतं, हा प्रश्न मनातल्या मनात विचारायला हरकत नाही.)

पिल्लांचं वय २४ तासांच्या आत हवं. त्याचा हिशेब असा: आदल्या संध्याकाळी सहाला भांड्यातलं एकूण एक पिल्लू काढून टाका, माद्या नव्या पाण्यात सोडा. सकाळी दहाला जे सापडेल ते जास्तीत जास्त सोळा तासांचं. ‘बारीक दिसतंय म्हणजे आजचंच असेल’ असलं अनुमान चालत नाही, दोन दिवसांचं पिल्लूही बारीकच दिसतं. पाच डायल्यूशन आणि कंट्रोल मिळून १२० पिल्लं लागतात. सगळ्या माद्या एकाच रात्री वीत नाहीत, म्हणून दोन ते चार आठवडे वयाच्या चाळीसेक माद्या हाताशी ठेवा.

पिल्लं उचलायला तोंड घासून गुळगुळीत केलेली काचेची पिपेट, भोक दोन मिलिमीटरच्या आसपास. सोडताना पिपेटचं टोक पाण्याच्या आत बुडवूनच सोडा. वरून थेंब टाकलात तर कवचाखाली हवा अडकते आणि पिल्लू पृष्ठभागावर आडवं तरंगत राहतं. ते औषधाने मेलेलं नसतं, पण मोजणीत मेल्यासारखं दिसतं. तरंगताना दिसलं तर त्याच्यावर हळूच एक थेंब पाणी सोडा, बुडतं. आणि पिल्लांबरोबर पाणी कमीत कमी न्या. दहा मिलिलिटरच्या भांड्यात पाच पिल्लांसोबत अर्धा मिलिलिटर गेला की डायल्यूशन तिथेच पाच टक्के पातळ झालं.

आता ती गोष्ट, जिच्यात चांगली चांगली माणसं अडकतात. गाइडलाइनमध्ये ती एखाद्या वाक्यात उरकलीय, म्हणून इथे सविस्तर सांगतो. हा भाग कंटाळवाणा वाटला तर दोनदा वाचा.

कल्चरला बहुतेक ठिकाणी एलेंटचं एम४ मीडियम, म्हणजे क्षार मोजून घालून केलेलं पाणी, वापरतात. चांगलं आहे, माद्या त्यात खूश असतात. त्या खुशीचं एक कारण म्हणजे त्यात असलेलं ईडीटीए, लिटरला अडीच मिलिग्रॅम. ईडीटीए धातूचे आयन कवेत धरून ठेवतं, म्हणून लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. आता त्याच एम४ मध्ये मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची टेस्ट लावली तर काय होईल? ईडीटीएचा एक रेणू तांब्याचा एक आयन धरतो. अडीच मिलिग्रॅम ईडीटीए, रेणुभार ३७२, म्हणजे ६.७ मायक्रोमोल. तांब्याचा अणुभार ६३.५, म्हणजे लिटरला सुमारे ४३० मायक्रोग्रॅम तांबं एवढं ईडीटीए गिळू शकतं. एम४ मधलं लोह ३.६ मायक्रोमोल आहे. त्याने आपला पूर्ण वाटा घेतला असं धरलं, तरी सुमारे २०० मायक्रोग्रॅम तांब्याची सोय उरते. आणि डॅफ्नियाला इजा होते ती काही दहा मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात. म्हणजे १०, २०, ४०, ८०, १६० अशी सुरेख सिरीज लावली तर शेवटच्या भांड्यातसुद्धा पिल्लं मजेत पोहताना दिसतील, आणि तुम्ही लिहाल की मोरचूद फारसा विषारी नाही.

खरा घात पुढे आहे. ही चूक पकडायला जे तीन पहारेकरी ठेवलेत, ते तिन्ही इथे झोपलेले असतात. कंट्रोलमध्ये सगळी पिल्लं जिवंत, कारण एम४ उत्तमच आहे. कल्चर धड आहे का हे ओळखीच्या विषावर तपासणारी पोटॅशियम डायक्रोमेटची रेफरन्स टेस्टही पास होते, २४ तासांचा ईसी५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या हद्दीत नीट बसतो, कारण डायक्रोमेटमधला क्रोमियम ऋण भाराच्या आयनात असतो आणि ईडीटीए त्याला धरतच नाही. मग मनात शंका आली म्हणून नमुना एएएसवर (धातू मोजायच्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर) मोजायला पाठवला, तर तोही आकडा बरोबर येतो, कारण एएएस एकूण तांबं मोजतं, मोकळं आणि बांधलेलं दोन्ही. कंट्रोल ठीक, रेफरन्स ठीक, मोजमाप ठीक, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. अशा डेटावर सही करायला कुणाचाही हात कचरत नाही, म्हणून हा सापळा धोकादायक आहे.

उपाय महाग नाही. धातू असलेल्या कुठल्याही रसायनाला आयएसओ मीडियम वापरा, त्यात ईडीटीए नाही. चार स्टॉक करा, प्रत्येकी एक लिटर: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ११.७६ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९३ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.५९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२३ ग्रॅम. प्रत्येकातलं २५ मिलिलिटर घेऊन एक लिटर करा. कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला २५० मिलिग्रॅम येतो, पीएच ७.८ च्या आसपास. हवा सोडून रात्रभर ठेवा आणि मगच वापरा. पाणी डीआयोनाइज्ड हवं, कंडक्टिव्हिटी १० मायक्रोसीमेन्सच्या आत. नळाचं नको, त्यात क्लोरीन आहे. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड नको, त्यात काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं. आणि जुन्या डिस्टिलेशन प्लांटला पितळी तोटी असेल तर तिकडे फिरकूही नका, तांब्याच्या टेस्टला तांबं पाजणारी तोटी म्हणजे कहरच.

माद्यांना एम४ मधून काढून टेस्टच्या आधी किमान ४८ तास आयएसओ मीडियममध्ये ठेवा. पिल्लं भांड्यात टाकण्याआधी स्वच्छ आयएसओ मीडियमच्या एका वाटीतून फिरवून घ्या, म्हणजे शेवाळाचे कण बरोबर जात नाहीत. शेवाळही तांबं धरतंच. तरीही खात्री वाटत नसेल तर दोन बीकर घ्या, एकात एम४, एकात आयएसओ, दोन्हीत लिटरला १०० मायक्रोग्रॅम तांबं आणि दहा-दहा पिल्लं. दोन दिवसांनी समोरासमोर ठेवून बघा. कुठल्याही लेक्चरपेक्षा हे लक्षात राहतं.

हुपरीच्या चांदीकामाचं पाणी तपासायचा विचार असलेल्यांनी वेगळा हिशेब ठेवावा. चांदीला ईडीटीए विशेष धरत नाही, पण आयएसओ मीडियममध्ये क्लोराइड भरपूर आहे आणि चांदी त्याच्याशी बांधली जाते, काचेलाही चिकटते. तिथे सुरुवातीला आणि शेवटी मोजल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. खरं तर हा नियम सगळ्यांनाच लागू आहे: मोजलेली मात्रा ठरवलेल्या मात्रेपासून २० टक्क्यांहून जास्त ढळली, तर ईसी५० मोजलेल्या मात्रेवरच काढायचा.

स्टॉकचा हिशेब करताना मीठ आणि धातू यांची गल्लत हमखास होते. मोरचुदाचा पेंटाहायड्रेट ३.९३ मिलिग्रॅम घेतला तेव्हा त्यात तांबं एक मिलिग्रॅम असतं. ३९.३ मिलिग्रॅम शंभर मिलिलिटरमध्ये विरघळवला की लिटरला १०० मिलिग्रॅम तांब्याचा स्टॉक झाला. त्याचा दहापट पातळ करून त्यातला ८ मिलिलिटर अर्ध्या लिटरमध्ये टाका, १६० मायक्रोग्रॅम मिळतात. तिथून अर्धं-अर्धं करत खाली या. भांडी दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर, मग डीआयोनाइज्ड पाण्याने भरपूर धुतलेली. साबणाचा अंश राहिला तर तो स्वतःच टेस्ट लावतो.

भांड्यांत ४८ तास खाणं नाही, हवा सोडणं नाही. मोजणी २४ आणि ४८ तासांनी. भांडं हलकेच गोल फिरवा आणि १५ सेकंद बघा. तेवढ्यात जे पोहलं नाही ते इमोबाइल, म्हणजे निश्चल, त्याच्या मिशा, म्हणजे अँटेना, हलत असल्या तरी. इथे दया दाखवायची नाही आणि सुईने ढोसून उठवायचंही नाही. खाली काळा कागद, बाजूने उजेड, आणि शक्य असेल तर मोजणाऱ्याला कुठलं भांडं कुठल्या मात्रेचं ते माहीत नसलेलं बरं. कंट्रोलमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे वीसपैकी तीन गेले की टेस्ट बाद. शेवटी ऑक्सिजन सगळ्या भांड्यांत लिटरला किमान ३ मिलिग्रॅम हवा.

तापमान १८ ते २२ मध्ये कुठेही चालतं, पण एकदा धरलं की एक अंशापेक्षा इकडे-तिकडे नको. कोल्हापूरच्या मे महिन्यात हे बीओडी इन्क्युबेटरशिवाय (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे बीओडी, मोजायला वापरतात ते थंड कपाट) होत नाही, आणि तो इन्क्युबेटर बहुधा २७ अंशांवर लावलेला असतो, कारण आपल्याकडे बीओडी तीन दिवस २७ ला करतात. त्यामुळे सामायिक इन्क्युबेटर असेल तर दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, सगळ्यांना तोंडीही सांगा, आणि आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. आतला दिवा नसला तरी बिघडत नाही, टेस्ट पूर्ण अंधारात चालते. लाईट गेली तर दार उघडून ‘बघू काय झालं’ करू नका. आधीच आत दोन-चार मोठ्या बाटल्या २० अंशांचं पाणी भरून ठेवलं असेल तर तासभर तरी निभावतं.

आकडेमोडीला घाबरू नका. अधलेमधले टक्के मिळाले तर प्रोबिट, म्हणजे मात्रा आणि टक्के यांची रेषा बसवून ईसी५० काढायची संख्याशास्त्रीय पद्धत. शून्य आणि शंभर यांच्या मध्ये काहीच नसेल तर त्या दोन मात्रांचा गुणोत्तर मध्य घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा सहा दशांश स्थळांपर्यंत छापणाऱ्याने टेस्ट समजून केलेली नाही, हे परीक्षकाला लगेच कळतं.

किटबद्दल नेहमी विचारणा होते. सुप्त अंडी येतात, उबवायची, टेस्ट लावायची. सांडपाण्याचे ढीगभर नमुने चाळायला ती सोयीची आहेत, पण शिकताना नकोत. किटवर शिकलेल्याला पिल्लं का मेली हे कधीच सांगता येत नाही. भारत २०११ पासून ओईसीडीच्या डेटा-मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे जीएलपी (‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ची शिस्त पाळणाऱ्या) प्रयोगशाळांत या टेस्टची कामं असतात, आणि तिथे हातात कल्चर असलेला माणूस वेगळा कळतो. वहीची सवय आत्तापासून लावा: पेनने लिहा, चुकलं तर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटली प्रयोगशाळेत आणूच नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम करायचं असेल तर हेही माहीत हवं की आपल्या मानकांतली जैवचाचणी माशांची आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. डॅफ्नियाचा निकाल त्याच्या शेजारी ठेवता येतो, त्याच्या जागी नाही.

पहिल्या दोन-तीन टेस्ट फसतील. कंट्रोल मरेल, पिल्लं तरंगतील, एखादं भांडं सांडेल. त्याचं काही वाटून घेऊ नका, उघड फसलेली टेस्ट निदान कुणाला फसवत नाही. फक्त डायक्रोमेटची उरलेली भांडी बेसिनमध्ये ओतू नका. तो सहा संयुजेचा क्रोमियम आहे आणि आपल्या गटारांची वाट पंचगंगेकडेच जाते. लेबल लावलेला वेगळा कॅन ठेवा, तांब्याचा वेगळा, आणि भरला की घातक कचऱ्याच्या नोंदीत चढवून द्या.