विमानात हादरे बसले तर इजा कशी टाळावी

सीटबेल्टचा दिवा विझला रे विझला की विमानभर बक्कल सुटल्याचा खटखटाट सुरू होतो. मोडायची ती ही सवय. दिवा विझला म्हणजे गरज असेल तर उठायला हरकत नाही, एवढंच. बसल्या जागी पट्टा सोडायचं काही कारण नसतं.

२१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू ३२१ हे विमान लंडनहून सिंगापूरला चाललं होतं. म्यानमारवर, सुमारे ३७ हजार फुटांवर असताना पट्ट्याचा दिवा लावल्याचं वैमानिकाने सांगितलं आणि त्यानंतर अवघ्या ८ सेकंदांत मोठा दणका बसला. प्राथमिक तपास अहवालानुसार विमान खाली आलं ते जेमतेम १७८ फूट, तेही पाच सेकंदांच्या आत. तेवढ्यात पट्टा न बांधलेली माणसं छताला आदळून खाली पडली. एका ७३ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला, तो बहुधा हृदयविकाराने. बरेच जण डोक्याला आणि मणक्याला मार लागून रुग्णालयात गेले. आता विचार करा, ८ सेकंदांत तुम्ही पांघरुणाखालचा पट्टा शोधून बांधाल का?

हे होतं कसं? विमान झटक्यात खाली जातं, सुटं शरीर मात्र तिथेच राहतं, त्यामुळे छतच डोक्यावर येऊन आदळतं. पुढच्या क्षणी विमान सावरतं आणि माणूस आर्मरेस्टवर किंवा जमिनीवर कोसळतो. मग घोटा मोडतो, नाहीतर मणका दबतो. वैमानिकाने आधी का नाही सांगितलं, हा राग समजण्यासारखा आहे. पण विमानाच्या रडारला ढगातले पाण्याचे थेंब दिसतात. निरभ्र आकाशात, जेट स्ट्रीमच्या (खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या प्रवाहाच्या) कडेला होणारी हवेची खळबळ त्याला दिसत नाही.

तिकीट काढताना

पंखांजवळची सीट घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त. फरक आहे, पण पट्ट्याइतका नाही. सोबत दोन वर्षांखालचं मूल असेल तर शक्यतो त्याच्यासाठी वेगळी सीट काढा आणि विमानात वापरायला मान्यता असलेली चाइल्ड सीट न्या. मान्यतेची खूण सीटच्या लेबलवर असते; तरी एअरलाइनला आधी विचारलेलं बरं. पैसे जास्त जातात, कबूल. पण मांडीवरचं मूल जोराच्या दणक्यात हातांनी धरून ठेवणं कोणत्याही आईबापाला जमणारं नाही.

बसल्यावर

पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. पीळ पडला असेल तर काढा आणि सुटं टोक ओढून पट्टा घट्ट करा. झोपताना थोडा सैल चालेल, पण इतका नको की अंग वर उचललं जाईल. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. पांघरूण घेणार असाल तर पट्टा पांघरुणावरून बांधा. म्हणजे बांधलाय हे क्रूला दिसतं आणि रात्री तपासायला ते तुम्हाला उठवत नाहीत.

जड बॅग, लॅपटॉप, काचेची बाटली मांडीवर किंवा शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवू नका. हादऱ्यात या वस्तू उडतात आणि कोणाच्या तरी कपाळावर जाऊन बसतात.

गरम चहा-कॉफीचं काय? हवा शांत असताना जरूर घ्या, पण कप भरून घेऊ नका. दिवा लागल्यावर क्रूने गरम पेय द्यायला नकार दिला तर हुज्जत घालू नका. कोरियन एअरने तर भाजण्याच्या भीतीने ऑगस्ट २०२४ पासून इकॉनॉमीत गरम नूडल्स देणंच थांबवलं.

उभे असताना हादरा बसला तर

आपल्या सीटकडे धाव घेऊ नका. जवळची कोणतीही रिकामी सीट पकडा आणि पट्टा बांधा. अनोळखी माणसाशेजारी बसायला लाजायची ही वेळ नव्हे. सीट नसेल तर वाटेतच खाली बसा आणि जवळच्या आर्मरेस्टचा आधार घट्ट धरा. सामानाच्या कप्प्याला धरून उभं राहू नका. टॉयलेटमध्ये असाल तर झाकण लावून त्यावर बसा आणि भिंतीवरचा दांडा पकडा.

क्रू धडपडताना दिसले तरी मदतीला उठू नका. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात हादऱ्यांमुळे गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ क्रूच होते, कारण कामासाठी उभे असतात ते तेच. त्यांनी ‘बसा’ म्हटलं की लगेच बसायचं.

मार लागलाच तर

हादरे थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलू नका, क्रूला बोलवा. भाजलं असेल तर थंड पाणी ओतत राहा. बर्फ चोळू नका. उतरण्याआधी इजेची नोंद क्रूकडून करून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून कागद जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर विमानातल्या अपघातात झालेल्या शारीरिक इजेची भरपाई मागता येते. त्यासाठीचा दावा मात्र दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.